कबूल राहिलेले रोडगे

सिंधू, तुझ्या घरी मी आयुष्यात दोनदाच आले, आणि दोन्ही वेळा पंगतीलाच बसले. पहिल्यांदा तू बरी झालीस म्हणून गोवऱ्यांवर भाजलेले नवसाचे रोडगे होते. दुसऱ्यांदा परवा आले, तुझ्या तेरवीला. वावरातलं तेच आंब्याचं झाड, मांडव घालणारा तोच, आणि वांग्याची भाजी वाढणारा माणूससुद्धा तोच. मला ओळखून म्हणाला, "दारव्ह्याच्या बाई ना तुम्ही? मागच्या खेपेलेही तुम्ही भाजी पुन्हा घेतली नव्हती." मी म्हटलं, हो, तीच मी. त्याने तरीही वाढली. तुमच्या मारेगावकडे नको म्हटलेलं ऐकू येत नाही, हे मला आधीपासून ठाऊक आहे.

माझ्या शेजारच्या ओळीत तुझा दीर नामदेव बसला होता. चार माणसं जमली की त्याला बोलायला लागतं, तुला माहीतच आहे. म्हणाला, "वहिनीचं खरं सांगू का, दवाखान्यानं हात लावला अन् तिथूनच पसरलं. सुरी लागली का हा रोग भडकते." आजूबाजूच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणी म्हणालं, "नशिबात होतं बाप्पा." कोणी म्हणालं, "तिच्यासाठी तं डॉक्टर घरी येऊन जेवून गेलता, आणखी काय पाह्यजे माणसाले?"

मी हातातला घास ताटात ठेवला. म्हटलं, "नामदेवराव, दवाखान्यानं हात लावला ती सहा वर्षं तुमची वहिनी धड जगली. ज्या काळात तिनं हात लावू दिला नाही, त्या काळात ती मेली." लोकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तुझ्या अन्नात माती कालवली. कालवली असेल. पण दवाखान्याच्या बाजूनं बोलणारं त्या मांडवात दुसरं कोणीच नव्हतं. जी बोलली असती तिच्या फोटोला हार घातलेला होता.

म्हणून तुझ्याशीच बोलते. आपलं भांडण तसंही अर्धवट राहिलंय.

तू पहिल्यांदा मला काय विचारलंस ते आठवतं का? यवतमाळच्या त्या मोठ्या दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात माझा पलंग खिडकीकडे आणि तुझा माझ्या डाव्या हाताला. दोघींचीही लघवीच्या पिशवीतली गाठ दुर्बिणीतून खरवडून काढलेली, दोघींना नळी लावलेली, वरून पाणी सोडलेलं आणि पलंगाखाली पिशवी लटकत असलेली. मी त्या पिशवीवर चादरीचं टोक ओढून ठेवलं होतं. तू कुशीवर वळलीस आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालीस, "काय व बाई, तुमचं पाणी कसं उतरून राह्यलं?"

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी तहसील कार्यालयात सगळी नोकरी काढलेली बाई. साहेबांना तोंडावर नाही म्हणणारी. पण लघवीतून रक्त जातंय हे सांगायला मला सात-आठ महिने लागले होते. आधी म्हटलं उन्हाळी लागली असेल. धन्याचं पाणी प्याले, सब्जा घातला, ताक ढोसलं. दुखत काही नव्हतं, म्हणून आणखी दिवस ढकलले. एका डॉक्टरनं विचारलं, तंबाखू खाता का? मी संतापून उठून आले. आणि तू मात्र जाहीर सांगत होतीस, "माहं सकाळी अंबाडीच्या सरबतासारखं होतं. आता पळसाचा रंग आला. उद्या परवा साधं पाणी होईन, मंग जाऊ घरी." तंबाखूचंही लपवलं नाहीस. डॉक्टरांनी विचारायच्या आधी कमरेची चंची काढून त्यांच्या टेबलावर ठेवलीस आणि म्हणालीस, "घ्या, आजपासून तुमच्याजवळ राहू द्या."

दुसऱ्या दिवशी मी चादर बाजूला केली. माझा रंग पाहून तू म्हणालीस, "बेस आहे, तुमचं माह्याहून सुधारलं." हेवा वाटल्यासारखं म्हणालीस. मला हसू आलं, आणि हसल्यावर नळी इतकी ओढली गेली की डोळ्यांतून पाणी आलं. आपली ओळख तशी झाली.

मग ते औषध. आठवड्याला एकदा, सहा आठवडे. लहान पोरांना क्षयाची लस टोचतात तीच, पण नळीतून लघवीच्या पिशवीत सोडायची आणि दोन तास धरून ठेवायची. शिवाय ते औषध सगळीकडे लागावं म्हणून थोड्या थोड्या वेळानं कूस बदलायची. डावी, उजवी, पालथी, उताणी. मोठ्या सिस्टर दारातून आवाज द्यायच्या, "चला, पलटा," आणि आपण दोघी म्हाताऱ्या निमूट पलटायचो. मी दारव्ह्याहून, तू मारेगावहून. जिल्ह्याच्या दोन टोकांच्या बायका यवतमाळात येऊन लघवी धरून पडल्या होत्या. तुला त्यातही गंमत सुचली. म्हणालीस, "ताई, सिस्टर रोडगे पलटवून राह्यल्या. एका अंगानं कच्चे राह्यले तं पंगतीत नाव जाईन." बाई जाऊन ताई कधी झाली ते तुलाही कळलं नसेल, मलाही कळलं नाही.

आणि त्याच पलंगावर, पालथी पडल्या पडल्या, तू तुझ्या वावरातल्या मारोतीला रोडगे कबूल केलेस. बरी झाले की अख्ख्या गावाला गोवऱ्यांच्या इस्तवात भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी, वरण आणि वाटीवाटीनं तूप. मग मला म्हणालीस, "तुमच्या नावाचेही करू का कबूल? एकाच इस्तवात होऊन जातीन." मी म्हटलं, "माझ्या नावानं देवाकडे काही मागू नकोस. मी दवाखान्याचं बघते, तेवढं पुरे आहे." सिस्टरनी आवाज दिला होता, तू कूस बदललीस.

दवाखान्याबद्दल मी तुझ्याइतकं गोड कधी बोलले नाही. मला गोड बोलता येत नाही. पण आज तुझ्यासमोर लिहून ठेवते, कारण नामदेवनं जे सांगितलं ते तुझ्या तेरवीतलं शेवटचं वाक्य होऊ नये. तिथं पंखे कुरकुरत होते, बाकावर ताटकळावं लागे, रक्त तपासायची चिठ्ठी एकीकडे आणि रक्त घ्यायची खिडकी दुसरीकडे. आपण दोघींनी शिव्या घातल्या. पण मोठ्या सिस्टरना पहिल्याच दिवशी कळलं होतं की या बाईला लाज फार आहे. तपासणीच्या खोलीला पडदा नव्हता, तर त्यांनी दोन सलाईनचे स्टँड उभे करून त्यावर चादर टाकली. पुढं नऊ वर्षं माझी पाळी आली की न सांगता ती चादर लागायची. डॉक्टर दुर्बीण घालताना दर वेळी एकच बोलायचे, "श्वास सोडा बाई, सोडा, झालं." दर वेळी मला वाटायचं, हा माणूस हेच वाक्य सकाळपासून कितीदा म्हणाला असेल, आणि तरी माझ्या वाट्याचं ते शिळं नसायचं. माझ्या मुलानं माझी इतकी विचारपूस केली नसेल. मी त्या माणसांची ऋणी आहे. हे वाक्य लिहायला मला जड जातं, पण ते खरं आहे.

एक गोष्ट मात्र डॉक्टरांनी आपल्याला कधी दिली नाही. ते कधी म्हणाले नाहीत की तुम्ही बऱ्या झालात. दुर्बीण काढून हातमोजे उतरवायचे आणि म्हणायचे, "आज काही दिसत नाही." आज. मी विचारलं होतं, मग पूर्ण कधी? ते म्हणाले, "या पिशवीनं एकदा गाठ धरली की पुन्हा धरायची खोड लागते. तुम्ही येत राहा, मी बघत राहतो." मला ते लगेच पटलं. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाला दर सालचं नूतनीकरण म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. परवाना आहे, वापरा, मुदत संपायच्या आत पुन्हा या.

तुला ते कधीच पटलं नाही. तुझी गाठ दोनदा पुन्हा निघाली, दोनदा खरवडली, दोनदा तू पुन्हा पलटत पडलीस. माझी तपासणी तीन महिन्यांवरून सहावर आणि सहावरून वर्षावर गेली. तुझी मात्र तीनवरच अडकली. बाकावर बसून तू म्हणालीस, "ताई, कापूस एकदा घरी आला का आला. तूर झोडली का झोडली. हे काय होय, दर तीन महिन्यांनी पेरणीच करून राह्यलो. काढणी केव्हा व?" मी म्हटलं, काढणी नाहीच यात. तू माझ्याकडे रागानं पाहिलंस, जणू मीच तुला गाठ दिली होती.

मग तुझी दुर्बीण साफ निघाली. पुढचीही निघाली. तिसरी साफ निघाली तेव्हा मी सोबतीला आले होते; तू तपासणीच्या खोलीतून बाहेर आलीस, बाकावर माझ्या शेजारी बसलीस आणि पदर तोंडाला लावून रडलीस. मीही रडले, नाही कशाला म्हणू. आठवडाभरानं फोन आला की रोडगे ठरले.

मी तुला म्हटलं होतं, सिंधू, जरा थांब. अजून दोन वर्षं जाऊ दे. तू म्हणालीस, "देवाले काय तारखा देत बसू? बोलली होती, आता फेडते." आणि डॉक्टरांना बोलावणार म्हणालीस. मी म्हटलं, ते कशाला? तर तुझं उत्तर आजही माझ्या कानात आहे. "लोक गरज सरो अन् वैद्य मरो करतेत. मी तसली नाही. माह्या वावरात माह्या डॉक्टरले माह्या हातानं वाढीन." तुझ्या मनात काय होतं ते मला कळत होतं. तुला कुणाचं काही ठेवून घ्यायची सवय नव्हती. कुणी वाटीभर भाजी दिली तरी ती वाटी तू कधी रिकामी परत केली नाहीस. देवाचं आणि डॉक्टरचं एवढं मोठं देणं अंगावर ठेवून झोपणं तुला जमत नव्हतं. तुला एकदाचं उतराई व्हायचं होतं.

झालीस. झकास झालीस. पुरुष माणसं सकाळपासून इस्तवाजवळ बसली होती, रोडगे पलटवत होती. डॉक्टर आले. त्यांच्या बुटांना काळी माती लागली होती आणि ते लाजल्यासारखे दिसत होते. मारोतीपुढं तू नारळ फोडलास, मग डॉक्टरांना शाल-श्रीफळ दिलं. नामदेव बोलायला उभा राहिला. "आमच्या वहिनीले डॉक्टरसाहेबांनी मुळासकट बरं केलं," म्हणाला. डॉक्टर उठले आणि म्हणाले, "सिंधूताई आज बऱ्या आहेत. पण तपासणीला येत राहायचं आहे." पहिल्या वाक्याला टाळ्या पडल्या. दुसरं वाक्य टाळ्यांत गेलं. ते त्यांनी पुन्हा म्हटलं नाही. बसले, आणि तू त्यांच्या रोडग्यावर तूप ओतलंस. ते पुरे म्हणत होते आणि तू ओतत होतीस. त्या दिवशी तुझ्या तोंडावर जे तेज होतं ते मी कुणाच्या लग्नातही पाहिलं नाही. मला ते पाहून बरं वाटलं, आणि टाळ्यांत गेलेलं ते दुसरं वाक्यही आठवत राहिलं. मी भाजी दुसऱ्यांदा घेतली नाही ती त्यामुळं.

त्यानंतर तीन महिन्यांनी तू बाकावर नव्हतीस.

माझी वर्षाची तपासणी मी मुद्दाम तुझ्या तारखेला लावून घेतली होती. फोन केला. वेचणी चालू होती म्हणालीस, बाया मिळत नाहीत. पुढच्या खेपेला तूर होती. मग लेकीचं बाळंतपण. मग मी स्पष्ट विचारलं तर म्हणालीस, "आवाज कटून राह्यला ताई." माझ्या दुर्बिणीची गोष्ट काढली की आवाज खणखणीत यायचा. "साफ निंघाली? बेस झालं व!" तुझी काढली की लगेच कटायचा. मारेगावच्या टॉवरला माझ्याच वाक्यांचं काय वावडं होतं, देव जाणे.

एकदाच तू खरं बोललीस. मी चिडून म्हटलं होतं, मी स्वतः गाडी करून येते आणि तुला घेऊन जाते. मग म्हणालीस, "ताई, साऱ्या गावासमोर मारोतीले सांगतलं का मी बरी झाली. डॉक्टर जेवून गेले. आता पुन्हा दुर्बीण घालाले जाऊ, म्हणजे काय? मारोतीले म्हणू का, तुह्यावर इश्वास नाही, पाहून येतो? अन् पाह्यलं अन् निंघालं तं? मंग माहे रोडगे खोटे?" मी म्हटलं, "रोडगे खोटे होत नाहीत सिंधू, रोडगे खाऊन झाले." तू म्हणालीस, "तुमचा कशावरच इश्वास नाही, ना देवावर, ना डॉक्टरवर. तुम्ही आपल्या भेवानं जाता." मी म्हटलं, "हो, भीतीनंच जाते. तू पण भी थोडी." तू फोन ठेवलास. त्या वेळी आवाज कटला नव्हता.

हेच आपलं भांडण. मी नंतर कितीदा ते मनात पुढं नेलं. कपडे वाळत घालताना, दारव्ह्याच्या बाजारात भाजी घेताना मी तुला उत्तरं देत असायचे. तुला सांगायचं होतं की उपकार असे एका दिवसात तूप ओतून संपवायचे नसतात. काही माणसांच्या उपकारात राहावं लागतं, दर खेपेला त्यांच्यासमोर जाऊन बसावं लागतं, लाज वाटली तरी. तेवढं केलं असतंस तर डॉक्टरला शाल नको होती. पण हे फोनवर मला कधी धड बोलता आलं नाही. मी चिडायचे, तू हसायचीस, आणि विषय कापसावर जायचा.

तू आलीस ती रक्ताच्या गाठी पडायला लागल्यावर. किती दिवस लपवलंस ते तू दादारावभाऊंनाही सांगितलं नाहीस. नवऱ्यापासून लपवायला तुला जमलं, जिनं कधी स्वतःचा रंग अख्ख्या वॉर्डाला सांगितला होता. तू बाकावर तोंडावर पदर घेऊन बसली होतीस. मला पाहून म्हणालीस, "बोलू नका ताई." मी शेजारी बसले. मोठ्या सिस्टरनी तुझा हात धरला आणि एवढंच विचारलं, "कुठं होत्या सिंधूताई?" कुणी रागावलं नाही तुला. कुणी तरी रागवायला हवं होतं असं मला वाटत राहिलं.

डॉक्टर म्हणाले, गाठ आता भिंतीच्या आत शिरली आहे, पूर्ण पिशवी काढावी लागेल, लघवीसाठी पोटावर वाट करू. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "गर्भाची पिशवी चाळिशीच्या आतच काढली. आता हेही काढा म्हणता. बाईच्या पोटात ठेवता काय मंग?" हसत म्हणालीस, म्हणून कुणाला कळलं नाही की तू नाही म्हणते आहेस. दिवाळी होऊ द्या म्हणालीस. दिवाळी झाली. मग तयार झालीस, तोवर हाडात गेलं होतं.

मी डॉक्टरांशीही भांडले, तुला सांगते. गेल्या महिन्यात, तू घरी गेल्यावर. त्यांच्या खोलीत जाऊन म्हटलं, "तुम्ही त्या रोडग्यांना जायला नको होतं. गावानं तुमचं जेवण पाहिलं, तुमचं बोलणं ऐकलं नाही." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "बाई, इतकी वर्षं झाली, मला कुणी पेशंटनं जेवायला बोलावलं नाही. हा असला आजार, लोक माझं नावही घेत नाहीत चारचौघांत. मला वाटलं, एकदा जावं." मला अजूनही त्यांचा राग आहे. तो राग ठेवूनच मी त्यांची ऋणी आहे, आणि यात मला काही विचित्र वाटत नाही.

पण सगळ्यांत जास्त राग तुझाच आहे. लोक मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलत नाहीत. मी बोलते. तू शहाणी होतीस, हातात सोय होती, रोग कळला होता, औषध लागू पडलं होतं, डॉक्टर फोन उचलत होता. काहीही आडवं आलेलं नव्हतं. गरज सरो आणि वैद्य मरो म्हणतात, तुझ्या बाबतीत वैद्य धडधाकट आहे. तुझा चांगुलपणा तुला नडला, आणि त्या चांगुलपणावर मी कुणाकडे तक्रार करू, ते मला कळत नाही.

तेरवीनंतर मी निघाले. दादारावभाऊ मला जीपपर्यंत सोडायला आले. एरवी न बोलणारा माणूस, वावराच्या धुऱ्यावरून पुढं चालत होता. वाटेत मारोती लागला. थांबले आणि म्हणाले, "ताई, एक इचारू का?"

मी म्हटलं, "विचारा भाऊ."

"तिनं तुमच्यासाठीही रोडगे कबूल केलते. दवाखान्यात होत्या न तुम्ही दोघी, तवाच. तुम्हाले माहीत नसन."

मला माहीत नव्हतं. मी नको म्हटलं होतं तुला.

"ती पडून होती तं मी म्हटलं, ताईची दुर्बीण तं दरसाल साफ निंघते. बोललेलं ठेवू नये, तुह्या डोळ्यादेखत फेडून टाकू. तं म्हणे नाही. ताईचे रोडगे बिलकूल करू नका म्हणे. ताई हाये तवापर्यंत ते कबूलच राहू द्या. मारोतीले म्हणा, तू थांब." भाऊंनी उपरण्यानं तोंड पुसलं. "काहून म्हणे, ते काही सांगतलं नाही. दुसऱ्यासाठी बोललेलं तिनं कधी बाकी ठेवलं नाही. तुम्हाले काही समजते का?"

मी मारोतीकडे पाहत उभी राहिले. शेंदूर ताजा होता, तेरवीच्या सकाळीच कुणी लावला असेल. मला समजलं होतं, सिंधू. रोडगे फेडले की बाक सुटतो, तुझा सुटला तसा. म्हणजे तुलाही समजलं होतं. सगळं भांडण तू समजून घेतलंस, शेवटपर्यंत, आणि माझ्या वाट्याला लावलंस. तुला मी हरवावं म्हणून नव्हते भांडत गं. तू बाकावर येऊन बसावंस एवढ्यासाठी भांडत होते. जिंकून मी काय करू आता?

आणि हेही खरं की इतकी वर्षं तू माझ्यासाठी देवाकडे शब्द टाकून बसली होतीस आणि मला एका शब्दानं बोलली नाहीस. मला तुझे आभार मानायचे आहेत. मानता येत नाहीत, इतका राग आला आहे.

भाऊ उत्तराची वाट पाहत होते. मी म्हटलं, "तिनं सांगितलं तसंच करा. थांबू द्या मारोतीला." त्यांनी मान हलवली. जीप आली, मी चढले.

पुढच्या महिन्यात माझी दुर्बीण आहे. मोठ्या सिस्टर निवृत्त झाल्या, पण चादर लागेल. डॉक्टर म्हणतील, श्वास सोडा बाई, झालं. मग हातमोजे उतरवतील आणि म्हणतील, आज काही दिसत नाही. बाहेर बाकावर बसून मी तुझ्या घरी फोन लावीन. दादारावभाऊ उचलतील. मी सांगीन, साफ निघाली, रोडगे अजून करायचे नाहीत.